गुळवेलीच्या अर्कानं नायट्राइट उतरतंय, पण एमटीटी १३८ टक्के. नेमकं काय मानायचं?

अर्कशोध (प्रश्न)

नमस्कार. गुळवेलीच्या वाळवलेल्या खोडाचा ७० टक्के इथेनॉलमधला अर्क रॉ २६४.७ मॅक्रोफेज पेशींवर (उंदराच्या भक्षक रोगप्रतिकारक पेशी, प्रयोगशाळेत वाढवलेल्या) तपासते आहे. दाहाच्या यंत्रणेत तो कुठे अडथळा आणतो, हे शोधायचं आहे. मांडणी अशी:

९६ खळग्यांची प्लेट, दर खळग्यात ५० हजार पेशी. अर्काचा साठा डीएमएसओ या विद्रावकात २० मिग्रॅ/मिलि. मात्रा २५, ५०, १०० आणि २०० मायक्रोग्रॅम/मिलि. कंट्रोलला ०.१ टक्के डीएमएसओ. अर्क आधी २४ तास, मग त्यातच एलपीएस (जिवाणूंच्या कवचातला दाह चेतवणारा पदार्थ) १ मायक्रोग्रॅम/मिलि, आणखी २४ तास. त्यानंतर वरच्या द्रवात ग्रीस कसोटी (नायट्राइट मोजते, ती पेशींनी सोडलेल्या नायट्रिक ऑक्साइडची खूण) आणि टीएनएफ या दाहाच्या प्रथिनाची एलायझा (प्रतिपिंडांनी मोजणी), तर पेशींवर एमटीटी (जिवंत पेशी मोजणारी रंगकसोटी).

नायट्राइट: नुसत्या एलपीएसला ३२ मायक्रोमोलर, अर्कासह चढत्या मात्रेनं ३१, २९, २१, ११ (प्रत्येकी साधारण २ पुढे-मागे). एमटीटी: १००, १०३, ११२, १३८ टक्के. टीएनएफ मात्र २५ च्या मात्रेलाच जवळपास निम्मा. एलपीएसशिवाय नुसता अर्क २०० ला दिला तर नायट्राइट १ वरून ६ वर जातं. २४ तासांनंतरच्या पेशींच्या लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रवात) पी-६५ चा, म्हणजे एनएफ-कप्पा-बीच्या एका घटकाचा, वेस्टर्न (प्रथिनाच्या पट्ट्या पाहण्याची पद्धत) केला, काहीच फरक दिसला नाही.

प्रश्न दोन. यावरून एनएफ-कप्पा-बी मार्ग (दाहाची जनुकं चालू करणारा) अडतो असं म्हणता येईल का? आणि पेशी १३८ टक्के म्हणजे अर्कानं पेशींची वाढ होते आहे का?

---

खळगा९६

दोन्हींचं उत्तर आज तरी नाही. मांडणीत एक मोठी चूक आहे, ती आधी सांगतो. साठा २० मिग्रॅ/मिलि असेल तर २०० मायक्रोग्रॅमच्या खळग्यात डीएमएसओ १ टक्का होतो, १०० ला ०.५, ५० ला ०.२५ आणि २५ ला ०.१२५. कंट्रोल मात्र ०.१ वरच आहे. म्हणजे मात्रेबरोबर डीएमएसओही चढत गेला. १ टक्का डीएमएसओ मॅक्रोफेजला निरुपद्रवी नाही. तो एकटाच नायट्राइट खाली आणू शकतो. तुमच्या उतरत्या आलेखात अर्काचा वाटा किती आणि विद्रावकाचा किती, हे आत्ता वेगळं करता येत नाही.

दुरुस्ती सोपी आहे. सर्वांत मोठ्या मात्रेच्या १००० पट तीव्रतेचा साठा करा. विरळ करत जाण्याच्या सगळ्या पायऱ्या शुद्ध डीएमएसओमध्येच करा आणि शेवटी प्रत्येक पायरीतून १ मायक्रोलिटर घेऊन १ मिलि माध्यमात घाला. मग सगळीकडे ०.१ टक्काच राहतो. १०० मिग्रॅ/मिलि साठा विरघळत असेल तर वरची मात्रा १०० मायक्रोग्रॅम ठेवा आणि २०० चा मोह सोडा. माध्यमात घातल्यावर ३७ अंशांवर तासभर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. कण दिसले तर त्या मात्रेचा आकडा खोटा आहे. गाळायचंच असेल तर डीएमएसओतला साठा सेल्युलोज नायट्रेटच्या पडद्यातून गाळू नका, पडदा विरघळतो, पीटीएफई वापरा. साका धरलेलं माध्यम गाळलं तर अर्काचा काही भाग गाळणीवरच राहतो आणि लिहिलेली मात्रा पेशींना मिळतच नाही.

आता एमटीटी. पिवळ्या क्षाराचं क्षपण होऊन जांभळं फॉर्मॅझान तयार होतं. जिवंत पेशीतली विकरं ते काम करतात हे खरं, पण पॉलिफेनॉल तेच काम पेशींशिवायही करतात. त्यामुळे मरत चाललेल्या पेशींची प्लेटही गडद जांभळी दिसू शकते. पेशी न घालता नुसतं माध्यम, अर्क आणि एमटीटी (शेवटची तीव्रता ०.५ मिग्रॅ/मिलि, ३ तास) असे खळगे लावा. रंग आला तर कारण सापडलं. एमटीटी घालण्याआधी अर्काचं माध्यम काढून पेशी दोनदा पीबीएसनं (क्षारयुक्त बफरनं) धुतल्या तर रंग कमी होतो, पण पेशींना चिकटलेला किंवा आत शिरलेला अर्क राहतोच.

त्यापेक्षा एसआरबी (सल्फोरोडामिन-बी या रंगाची) कसोटी घ्या. ती क्षपणावर चालत नाही, चिकटून राहिलेलं प्रथिन मोजते. थंड ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल शेवटी १० टक्के होईल असं माध्यमावर हळूच सोडा, ४ अंशांवर १ तास ठेवा, पाण्यानं चार वेळा धुवा, वाळवा. १ टक्का अॅसेटिक आम्लातला ०.४ टक्के एसआरबी ३० मिनिटं द्या, १ टक्का अॅसेटिक आम्लानं धुवा, वाळवा, १० मिलिमोलर ट्रिस बेसमध्ये रंग सोडवून ५१० ते ५६५ नॅनोमीटरच्या दरम्यान वाचा. आम्ल जोरात सोडलं तर रॉ पेशी काठावरून सुटतात आणि मग तुम्हाला विषारीपणा नसताना दिसतो. पिपेटचं टोक खळग्याच्या भिंतीला टेकवूनच सोडा.

ग्रीसचंही तसंच. त्यात आम्लात डायझोनियम तयार होतं आणि त्याची एनईडी या अभिकर्मकाशी जोडणी होऊन रंग येतो. क्षपण करणारे पदार्थ नायट्राइट खाऊन टाकतात, शिवाय अर्काचा स्वतःचा पिवळा-तपकिरी रंग असतोच. त्यासाठी दोन कंट्रोल लावा. पहिल्यात एनईडी सोडून बाकी सगळं घाला आणि जे वाचन येईल ते वजा करा. दुसऱ्यात पेशींशिवाय माध्यम, अर्क आणि ३० मायक्रोमोलर सोडियम नायट्राइट घ्या. परत ३० वाचलं तर उत्तम, नाहीतर किती हरवतं ते कळेल.

आणि दर खळग्यात ५० हजार पेशी हे २४ तासांच्या प्रयोगाचं गणित आहे. तुमचा प्रयोग ४८ तासांचा आहे. तोवर पेशी एकमेकींवर चढतात, माध्यम पिवळं पडतं आणि कंट्रोलही थकलेला असतो.

---

रेणूवाट

वरच्या सगळ्याशी सहमत. मी पी-६५ आणि टीएनएफबद्दल लिहिते, कारण तिथे चूक वेळेची आहे.

एलपीएसनंतर आय-कप्पा-बी-अल्फा (पी-६५ ला केंद्रकाबाहेर अडवून ठेवणारा घटक) १५ ते ३० मिनिटांत तुटतो आणि तासाभरात पुन्हा तयार होऊ लागतो. पी-६५ केंद्रकात जातो तो ३० मिनिटांच्या आसपास. टीएनएफचा आरएनए १ ते २ तासांत वर येतो, आयएनओएसचा (नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराचा) ४ ते ६ तासांत, आणि आयएनओएसचं प्रथिन, साधारण १३० किलोडाल्टन, १२ ते २४ तासांत. तुम्ही २४ तासांनी संपूर्ण पेशीतला पी-६५ पाहिला. पी-६५ चं एकूण प्रमाण बदलतच नाही. बदलते ती त्याची जागा. त्या पट्ट्या सारख्या येणारच होत्या. त्यातून मार्ग अडला असंही निघत नाही आणि नाही अडला असंही नाही.

करायचं असेल तर ०, १५, ३०, ६० मिनिटांना आय-कप्पा-बी-अल्फा, आणि ३० मिनिटांना केंद्रक व पेशीद्रव वेगळे करून पी-६५. ओळखखूण म्हणून केंद्रकाच्या भागाला लॅमिन हे प्रथिन, पेशीद्रवाला ट्युब्युलिन, आणि दोन्ही प्रतिपिंडं दोन्ही भागांवर लावायची, म्हणजे वेगळे करताना गळती झाली का ते दिसतं. हात बसलेला नसेल तर प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकानं पी-६५ ची जागा पाहणं जास्त भरवशाचं. किमान शंभरेक पेशी मोजा आणि कुठला खळगा कुठला हे मोजणाऱ्याला माहीत नको.

औषधी कंट्रोल दोन घ्या, कारण ते वेगवेगळं सांगतात. १४००डब्ल्यू हा आयएनओएस विकराला अडवतो: नायट्राइट पडतं, प्रथिन तसंच राहतं. डेक्सामेथासोन १ मायक्रोमोलर प्रथिनच कमी करतो. तुमचा अर्क यांतल्या कोणासारखा वागतो, हा यंत्रणेचा पहिला खरा प्रश्न आहे. एनएफ-कप्पा-बी त्यानंतर येतो.

आता मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट. नायट्राइट २५ ला हललं नाही, पण टीएनएफ निम्मा झाला, आणि नुसत्या अर्कानं नायट्राइट १ वरून ६ वर गेलं. या दोन्ही एकत्र पाहिल्या की संशय एंडोटॉक्सिनवर, म्हणजे जिवाणूंच्या एलपीएसवर, जातो. वनस्पतीच्या खोडावर जिवाणू असतातच. ते मेले तरी त्यांचं एलपीएस अर्कात उरू शकतं. ०.२२ मायक्रॉनची गाळणी ते काढत नाही, ऑटोक्लेव्हही नाही. काचेच्या भांड्यांना २५० अंशांची कोरडी उष्णता ३० मिनिटं लागते. आणि मॅक्रोफेजला आधी थोडं एलपीएस २४ तास मिळालं, तर पुढच्या मोठ्या मात्रेला ते टीएनएफ कमी सोडतात. याला एंडोटॉक्सिन सहनशीलता म्हणतात. म्हणजे दूषित अर्क दाहशामक असल्यासारखा दिसतो. या क्षेत्रातला हा सर्वांत फसवा सापळा आहे, कारण आलेख देखणा येतो आणि प्रत्येक वेळी तसाच येतो.

हिशेब करून पाहा. समजा अर्कात मिलिग्रॅममागे १०० एकक एंडोटॉक्सिन आहे. २०० मायक्रोग्रॅम/मिलि दिलं की खळग्यात २० एकक/मिलि, म्हणजे ढोबळमानानं २ नॅनोग्रॅम/मिलि एलपीएस. रॉ पेशींना जागं करायला ते पुरेसं आहे.

तपासायचं कसं? नुसत्या अर्काच्या खळग्यांत पॉलिमिक्सिन-बी (एलपीएसला बांधणारं प्रतिजैविक) १० मायक्रोग्रॅम/मिलि घाला. नायट्राइट ६ वरून परत १ वर आलं तर ते एलपीएस. नाही आलं तर गुळवेलीतलं पॉलिसॅकराइड असू शकतं. या वेलीतल्या अॅराबिनोगॅलॅक्टनमुळे मॅक्रोफेज उत्तेजित होतात हे माहीत आहे. जिवाणूंच्या लायपोपेप्टाइडवर पॉलिमिक्सिनचा परिणाम होत नाही, तेही ध्यानात असू द्या. ज्या खळग्यांत तुम्ही स्वतः एलपीएस देता तिथे मात्र पॉलिमिक्सिन घालू नका, तो तुमचं उद्दीपनच बांधून टाकेल.

एंडोटॉक्सिन मोजायला एलएएल कसोटी वापरणार असाल तर वनस्पतीतले ग्लुकन खोटं होकारार्थी उत्तर देतात. रिकॉम्बिनंट फॅक्टर-सी वर आधारलेली कसोटी घ्या, आणि ज्ञात एंडोटॉक्सिन मिसळून ५० ते २०० टक्के परत मिळतं का पाहा. टॅनिन असलेले अर्क कसोटी दाबूनही टाकतात.

---

पानफूल

पेशींचं वर आलंच आहे. अर्क मुळात कशाचा आहे, त्याबद्दल.

«गुळवेल» या नावावर टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, टिनोस्पोरा सायनेन्सिस आणि टिनोस्पोरा क्रिस्पा अशा तिन्ही येऊ शकतात. पानं असतील तर सायनेन्सिसची कोवळी पानं लवदार असतात, क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात. पण वाळलेल्या तुकड्यांवर किंवा भुकटीवर हे चालत नाही. म्हणून पानाफुलांसह नमुना हर्बेरियममध्ये जमा करून क्रमांक घ्या. लेबलवर जागा, तारीख, कोणता भाग आणि कोणत्या झाडावर वेल चढलेली होती, हे सगळं असावं. भुकटीच मिळाली असेल तर आयटीएस-२ किंवा मॅट-के या डीएनए-खंडांवरून बारकोडिंग आणि सोबत एचपीटीएलसी (रसायनांचा ठसा दाखवणारी पद्धत). डीएनए जात सांगतं, रसायन सांगत नाही, दोन्ही हवंत.

ओळख चुकली तर काय होतं याचं सर्वांत वेदनादायी उदाहरण बेल्जियममधलं आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करण्याच्या गोळ्यांमध्ये स्टेफानिया टेट्रांड्राऐवजी अॅरिस्टोलोकिया फांगची गेली. चिनी व्यवहारात दोन्हींना «फांग जी» हाच शब्द जोडलेला होता. अॅरिस्टोलोकिक आम्लानं अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं कायमची निकामी केली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. एका नावाखाली दोन वनस्पती, एवढंच कारण.

अर्क काढण्याची कृतीही लिहून ठेवा, कारण ती बदलली की अर्क बदलतो. सावलीत किंवा ४० अंशांखाली वाळवून ओलावा १० टक्क्यांखाली आणा, भरड भुकटी करा, १ भाग भुकटीला १० भाग ७० टक्के इथेनॉल, २४ तास, तीनदा. गाळून ४५ अंशांखाली निर्वातात विद्रावक उडवा, उरलेलं गोठवून वाळवा, उणे २० अंशांवर शोषकासह बंद ठेवा. प्रत्येक खेपेचा उतारा टक्क्यांत लिहा. उणे २० मधली बाटली गार असतानाच उघडली की हवेतला ओलावा आत जातो आणि पुढच्या वजनात पाणी मोजलं जातं. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

तापमानाचं महत्त्व आर्टेमिसिनिननं दाखवलं आहे. १९७१ मध्ये तू यूयू यांच्या गटाला आर्टेमिसिया अॅनुआच्या अर्काचा गुण सातत्यानं मिळेना. उष्णतेऐवजी कमी उत्कलनबिंदूचं ईथर वापरल्यावर तो टिकला. त्या कामाला २०१५ चं नोबेल मिळालं. पाण्यात उकळलेला काढा आणि ७० टक्के इथेनॉलचा अर्क या एकाच वेलीच्या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि एकीवरचं निरीक्षण दुसरीला लावता येत नाही.

टॅनिनची शंका काढायला अर्काचा एक भाग पीव्हीपीपी या न विरघळणाऱ्या बहुवारिकातून फिरवा. टॅनिन त्याला चिकटतं. त्यानंतर परिणाम नाहीसा झाला तर तुम्ही बहुधा प्रथिनांना चिकटणारं काहीतरी मोजत होता.

---

अर्कशोध

सुचवलेले कंट्रोल लावले, तेही त्याच जुन्या साठ्यावर, म्हणजे आधीच्या आकड्यांशी जुळवता येईल.

पेशींशिवाय एमटीटी: नुसतं माध्यम ०.०६, २०० मायक्रोग्रॅम अर्कासह ०.३१. ग्रीसमध्ये ३० मायक्रोमोलर नायट्राइट घातलं, २०० च्या अर्कात ते २४ वाचलं (रंग वजा करून). अर्काशिवाय १ टक्का डीएमएसओ आणि एलपीएस: ३२ ऐवजी २४. एसआरबी, त्याच टक्क्याच्या डीएमएसओशी तुलना करून: १०० ला ९५ टक्के, २०० ला ७४ टक्के. नुसत्या अर्काचं ६ पॉलिमिक्सिननं २ झालं.

---

खळगा९६

मग गणित मांडू. २०० च्या मात्रेला डीएमएसओनं ३२ चे २४ झाले. ग्रीसमध्ये २० टक्के हरवतं, म्हणून १९. पेशी ७४ टक्केच उरल्या, म्हणून १४. तुम्ही मोजलेलं ११, आणि तुमची चूकमर्यादा २. हा गुणाकार काटेकोर नाही, तिन्ही परिणाम एकमेकांपासून स्वतंत्र असतीलच असं नाही. तरी ३२ वरून ११ ही घसरण जवळजवळ संपूर्णपणे कसोटीच्या आणि विद्रावकाच्या खात्यात जाते. १३८ टक्के म्हणत होतो त्या पेशी खरं तर चौथ्या हिश्शानं कमी होत्या.

यात निराश होऊ नका. चार कंट्रोलनी पुढचं सहा महिन्यांचं काम चुकीच्या दिशेला जाण्यापासून वाचवलं आहे.

२०० ला पेशी का मरतात, तेही पाहा. गॅलिक आम्लासारखी पॉलिफेनॉल माध्यमातच ऑक्सिडीकरण होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, पेशींचा त्यात संबंध नसतो. कॅटालेज घालून एसआरबी परत करा. पेशी वाचल्या तर तो विषारीपणा बाटलीतला आहे. माध्यमात पायरुव्हेट असेल तर तेही पेरॉक्साइड पुसतं, म्हणून प्रत्येक वेळी माध्यम तेच ठेवा.

---

रेणूवाट

पॉलिमिक्सिननं ६ चे २, म्हणजे एंडोटॉक्सिन आहे. त्यामुळे टीएनएफचा निम्मा आकडा सध्या बाजूला ठेवा. अर्क एंडोटॉक्सिनमुक्त झाल्यावर तीन मांडण्या लावा: एलपीएसच्या १ तास आधी अर्क, तोच अर्क १ तास देऊन धुऊन मग एलपीएस, आणि एलपीएसनंतर १ तासानं अर्क. पहिलीत परिणाम दिसतो पण धुतल्यावर नाहीसा होतो, तेव्हा अर्क माध्यमात एलपीएसलाच चिकटत असण्याची शक्यता आधी तपासा. तिसरीत परिणाम टिकला तर त्यात जीव आहे.

पुढे इलेक्ट्रॉन ओढणारी संयुगं सापडली तर ती कीप-१ या रोखणाऱ्या प्रथिनावर बसून एनआरएफ-२ (पेशीची संरक्षक जनुकं चालू करणारा घटक) जागा करतात, एचओ-१ हे संरक्षक विकर वाढतं आणि दाह त्या वाटेनंही कमी दिसतो. इथे एन-अॅसिटिलसिस्टीन या ऑक्सिडंटरोधकानं परिणाम पुसला गेला म्हणून «ऑक्सिडंटमुळे होत होतं» असं लिहिण्याची घाई होते. त्याचा थायॉल गट संयुगालाच थेट पकडतो, त्यामुळे तो पुरावा अपुरा आहे. एनआरएफ-२ चा एसआय-आरएनए (त्याचं जनुक गप्प करणारा) वापरा. डॉकिंगचे (संगणकावर रेणू प्रथिनात बसवून पाहण्याचे) गुणांक यंत्रणेचा पुरावा म्हणून धरू नका. बांधणी पेशीत दाखवायची असेल तर तापमानानुसार प्रथिनाची स्थिरता बदलते का, ते पाहा.

---

पानफूल

मात्रेचा एक हिशेब प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर असावा. ५०० मिग्रॅ अर्क घेतला आणि तो सगळा, एक कणही वाया न जाता, ५ लिटर रक्तात उतरला तर १०० मायक्रोग्रॅम/मिलि होतात. प्रत्यक्षात आतड्यातून थोडंच शोषलं जातं आणि यकृत त्याला ग्लुक्युरोनाइड जोडून रूप बदलतं. म्हणून मुख्य प्रयोग १ ते ३० मायक्रोग्रॅमच्या टप्प्यात करा.

संयुगाच्या बाजूनंही पाहा. अर्कात बर्बेरीन (एक अल्कलॉइड) १ टक्का धरलं, तर १०० मायक्रोग्रॅम/मिलि अर्कात ते १ मायक्रोग्रॅम/मिलि, रेणुभार ३३६, म्हणजे सुमारे ३ मायक्रोमोलर. शुद्ध बर्बेरीनचा परिणाम ३० मायक्रोमोलरला दिसत असेल, तर अर्काचं श्रेय त्याला देता येत नाही. संयुग माध्यमात टिकतं का तेही मोजा. हळदीतलं कर्क्युमिन पीएच ७.२ च्या बफरमध्ये ३७ अंशांवर अर्ध्या तासात ९० टक्के विघटित होतं. रक्तद्रव असलेल्या माध्यमात ते बरंच जास्त टिकतं. २४ तासांच्या प्रयोगात पेशींनी नेमकं काय पाहिलं, हा प्रश्न अशा वेळी खराच उरतो.

एंडोटॉक्सिन काढायला पॉलिमिक्सिन बांधलेला रेझिन स्तंभ वापरता येतो, पण त्यावर तुमची संयुगंही अडकू शकतात. स्तंभाच्या आधी आणि नंतर एचपीएलसी (संयुगं वेगळी करून मोजण्याची पद्धत) करून शिखरांचं क्षेत्रफळ जुळवा. त्याआधी सोपा उपाय करून पाहा: खोड धुऊन, साल खरवडून, लगेच वाळवलेली नवी खेप घ्या आणि सगळी भांडी २५० अंशांवरची. मिलिग्रॅममागचं एंडोटॉक्सिन त्यानंच बरंच उतरलं तर स्तंभाची गरज पडणार नाही.

---

अर्कशोध

नवी खेप घेते, हर्बेरियमचा क्रमांक आधी. साठा १०० मिग्रॅ/मिलि, मात्रा १, ३, १०, ३०, डीएमएसओ सगळीकडे ०.१ टक्के, दर खळग्यात २० हजार पेशी. शेवटची शंका: एका प्लेटवरचे तीन खळगे म्हणजे तीन नमुने धरायचे का?

---

खळगा९६

नाही. ते एकाच मापनाची तीन वाचनं. त्यांची सरासरी म्हणजे एक नमुना. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (नव्या भांड्यात हलवण्याच्या खेपेच्या) पेशींवर, साठा नव्यानं विरळ करून केलेला प्रयोग हा दुसरा नमुना. असे किमान तीन. पॅसेज २० च्या पुढे जाऊ देऊ नका आणि पेशी ट्रिप्सिनऐवजी खरवडून काढा. प्लेटच्या कडेचे खळगे नुसत्या पीबीएसनं भरा. तिथलं पाणी उडून तीव्रता वाढते, आणि कंट्रोल नेमका पहिल्या रांगेत असेल तर सगळी प्लेट तिरकी होते.

आणि अर्काच्या दोन वेगवेगळ्या खेपा घ्या. एकाच खेपेवर तीन प्रयोग केले तर निष्कर्ष त्या बाटलीपुरताच निघतो.